गौराच्या पाठीवरचा नवस

नवस माझा नव्हताच. तो अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, माझ्या नावावर परस्पर बोलून ठेवला होता. आणि फेडायची वेळ आली तेव्हा ज्या घोडीवर बसून तो फेडायचा, तिचेच गुडघे धरले होते. त्या हिवाळ्यात मी देवावर जेवढा रागावलो, तेवढा आधी कधी रागावलो नव्हतो आणि नंतरही नाही. देव आहे की नाही असली शंका मला आली नाही. आमच्या घरात तेवढी चैन कोणालाच परवडत नव्हती. तो आहे, पण माझी थट्टा करतो आहे, असं मात्र मनापासून वाटायचं.

आम्ही होटगीचे. कापडाचा धंदा. सोलापुरातून चादरी, टॉवेल, इरकली लुगडी आणायची आणि आठवडी बाजारांतून विकायची. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि भाव पाडून मागणाऱ्याशी जी चालेल ती. कुळाचा देव मैलारलिंग. मराठी माणसं त्याला खंडोबा म्हणतात. अव्वा मैलारप्पा म्हणायची, तेही सख्ख्या थोरल्या भावाचं नाव घ्यावं तशा सलगीनं. वडील गेल्यावर बाजारांची फिरती माझ्याकडे आली ती गौराच्या पाठीवरूनच. गौरा आमची घोडी. रंगानं पांढुरकी, अंगानं आटोपशीर, स्वभावानं माझ्या बायकोपेक्षा शांत आणि माझ्यापेक्षा तर पुष्कळच. मध्ये मी आणि दोन्ही अंगांना कापडाचे गठ्ठे, असे आम्ही वळसंग, मंद्रूप, बोरामणी करत फिरायचो. घोड्यांतलं मला कळतं हे पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ज्याला ठाऊक नव्हतं त्याला मी स्वतः सांगत असे.

बहात्तरच्या दुष्काळात कापड कोण घेणार? लोक खडी फोडायला जात होते आणि सुकडी खाऊन राहत होते. छावणीत गाईबैलांना थोडाफार चारा मिळायचा, घोडीला तिथं कोण विचारतो? कडबा संपला, मग छपरावरचं जुनं गवत काढून घातलं, मग तेही संपलं. अव्वा आपल्या ताटातली भाकरी पदराखाली धरून गोठ्यात जायची आणि आम्ही बघून न बघितल्यासारखं करायचो. एके दिवशी गौरा बसली ती उठेचना. घोडं बसून राहिलं की त्यात काय उरलं ते घोडेवाल्याला सांगावं लागत नाही. मी दाराबाहेर तोंड फिरवून उभा राहिलो. अव्वा आत गेली, गौराच्या कपाळाला भंडारा लावला आणि मोठ्यानं म्हणाली, "मैलारप्पा, ही उठू दे. माझा ल्योक हिच्या पाठीवर बसून तुझ्या दारात येईल." गौरा त्या दिवशी उठली नाही. दुसऱ्या दिवशी उठली. कशी उठली हे मला आजही सांगता यायचं नाही. मी पाहिलं तेव्हा ती उभी होती एवढंच.

पुढं पाऊस झाला, दिवस पालटले. पहिल्या वर्षी घरात सुतक आलं, दुसऱ्या वर्षी बायकोचं बाळंतपण. देवाची वाट कधी मोकळी मिळाली नाही. आणि ती मिळाली त्या वर्षी गौराचे सांधे दुखायला लागले. सकाळी ठाणावरून निघताना पुढचे पाय लाकडासारखे टाकायची. खुरावरचे सांधे हाताला गरम लागायचे, उजवा गुडघा सुजायचा. मला वाटलं नालाचा दोष असेल. नाल काढले, पुन्हा ठोकले. काही फरक नाही. शेवटी तिला सोलापूरला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर मोठे सज्जन होते. तिचा पाय मांडीवर घेऊन त्यांनी हलकेच दुमडून पाहिला आणि म्हणाले, "हा सांध्यांचा आजार आहे, जाणारा नाही. पण बांधून ठेवलीत तर लवकर जाईल. रोज चालवा. मऊ जमिनीवरून, सावकाश. ओझं बंद. तुम्ही बसायचंही जवळजवळ बंद." मी विचारलं, जवळजवळ म्हणजे किती? त्यांनी माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुमच्याएवढा माणूस असेल तर," ते म्हणाले, "अगदीच जवळजवळ."

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा अव्वा तांदूळ निवडत होती. तिनं हात थांबवला नाही. "मग औंदाच जाऊन ये," म्हणाली. "पुढच्या साली ती असंल नसंल." मी म्हटलं, अव्वा, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना? ती म्हणाली, "ऐकलं की. पर दिलेला शब्द हाय. त्यानं आपलं काम केलं, आपुन आपलं करायचं. न्हाय केलं तर दिलेलं त्यो परत नेतोय." तिच्या आवाजात धमकी नव्हती. पाऊस आला की ओलं होतं असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं. माझी बायको चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "नवस आत्याबाईंचा, बसणार तुमी, आन पाय तेवढं त्या मुक्या जनावराचं. बरी वाटनी हाय की ही." तेव्हा मात्र अव्वानं हात थांबवला.

मी कात्रीत सापडलो होतो. बसून गेलो तर गौरा वाटेत कायमची बसणार. न बसता गेलो तर अव्वाच्या मनानं ती त्याच दिवशी गेलेली. मग तिला साधी ठेच लागली तरी अव्वा स्वतःला खात राहील, हे मला दिसत होतं. माणसाला देवाची भीती वाटते म्हणतात. मला देवापेक्षा अव्वाच्या त्या स्वच्छ विश्वासाची भीती वाटत होती. तिनं मला मारून, रागावून सांगितलं असतं तर मी वादही घातला असता.

पण मी स्वस्थ बसणारा माणूस नाही. मी मनाशी एक बेत आखला आणि तो मला इतका आवडला, की आठवडाभर मी एकटाच हसत हिंडत होतो. घरून निघताना बसायचं, अव्वाच्या देखत. मधली सगळी वाट उतरून चालायची, फार तर सपाट मऊ रानात थोडं बसायचं. आणि देवाच्या शिवेवर पुन्हा पाठीवर बसून दारात जायचं. नवसही फिटला, घोडीही राहिली. त्याची तयारी म्हणून मी रोज सकाळी गौराला हातात धरून ओढ्याच्या वाळूतून चालवू लागलो. आधी ती कुरकुरायची, मग अंग तापलं की पाऊल मोकळं पडायचं आणि परतताना तर कान उभारून माझ्या पुढं जायला बघायची. गुडघ्यांना रोज तेल आणि रुईच्या पानांचा शेक. आणि मुख्य म्हणजे मी माझं जेवण निम्म्यावर आणलं. घोडीला हलकं व्हावं म्हणून धनी उपाशी राहतोय, ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. बायको म्हणायची, "देव दिसायच्या आदी तुमीच दिसंनासं व्हाल." तिचा राग गेला होता. ती गौराच्या तोबऱ्यात भिजवलेले हरभरे घालताना माझ्या ताटातली भाकरी कमी करत होती आणि दोन्ही कामं तिला सारखीच आवडत होती.

मैलारप्पाच्या पौषातल्या यात्रेला जायचं नाही, हेही मीच ठरवलं. नळदुर्गाला त्या दिवशी माणसांचा समुद्र असतो, त्या रेट्यात लंगडी घोडी कुठं घालणार? यात्रा उलगडू दे, गर्दी पांगू दे, मग निवांत जाऊ. अव्वाही हो म्हणाली. तिच्या माहेरची माणसं नळदुर्गाच्याच यात्रेला जायची, म्हणून तिच्या मनातला देव कायम तिथंच बसलेला. डांबरी सडकेनं जायचं नाही, गाडीवाटेनं आणि पांदीनं जायचं, हे तर ठरलेलंच होतं. सडकेवर एकेक पाऊल गुडघ्यात घण मारल्यासारखं बसतं. सगळा विचार मी केला होता. जे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, तेवढंच एक नेमकं मी आणि अव्वा दोघेही विसरलो होतो.

माघाच्या सुरुवातीला निघालो. अव्वानं गौराला ओवाळलं, मी ओट्यावर चढून तिथून अलगद खोगिरावर बसलो, म्हणजे रिकिबीला हिसका नको. वळणापर्यंत गेलो, मागं वळून अव्वा दिसेनाशी झाल्याची खात्री केली आणि उतरलो. गौरानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. तिला काय वाटलं असेल ते असो, मला मात्र मी फार हुशार असल्यासारखं वाटलं.

ती वाट मी अजून विसरलेलो नाही. दोन्ही बाजूंना उभी ज्वारी, कणसांत दाणा भरलेला, सकाळी पानांवर दव. काळ्या रानातून गौराचं पाऊल आवाज न करता पडायचं. मी तिच्या खांद्याशी चालायचो, लगाम सैल. सपाटीला, तिचं अंग चांगलं तापलं की, थोडा वेळ बसायचो. उताराला हमखास उतरायचो, कारण उतारावर सगळा भार पुढच्या पायांवर येतो. पूर्वी या वाटांनी मी तिला दुडक्या चालीनं न्यायचो आणि बाजार गाठायच्या घाईत दोन्हीकडचं रान मला दिसलंही नव्हतं. आता तिच्या दुखऱ्या पायांच्या मापानं चालायचं म्हटल्यावर एकेक विहीर, एकेक बाभूळ ओळखीची झाली. बोरामणीला ओळखीच्या घरी मुक्काम झाला, पुढं आणखी एक. सकाळी ती ताठरलेली असायची, उन्हं चढली की मोकळी व्हायची. माझा बेत अगदी मनासारखा चालला होता आणि मी रोज देवाला सांगत होतो, बघ, कसं जमवलं.

इटकळ मागं टाकलं आणि सडकेच्या दक्षिणेला माळ लागला. खडकाळ, वर पातळ माती आणि खाली दगड. मला वाटलं, हा एवढा तुकडा ओलांडला की उद्या नळदुर्ग. एका ठिकाणी वाट फुटत होती. उजवीकडची सरळ पूर्वेला, नळदुर्गाकडं जाणारी; डावीकडची वर सडकेच्या अंगाला. तिथं गौरा थांबली. मी लगाम ओढला, ती हलली नाही. चुचकारलं, पाठीवर थाप मारली, पुढं जाऊन हातात गूळ धरला. ज्या गुळासाठी तिनं एकदा माझा खिसा फाडला होता, त्याच्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. मी उजवीकडं ओढायचो, ती डावीकडं मान करायची. मग खाली वाकून गुडघ्याला हात लावला. गुडघा सकाळी होता त्याच्या दुप्पट झाला होता आणि हाताला चटका बसावा इतका गरम. वर पाहिलं तर ती तो पाय अधांतरी धरून उभी होती.

मी त्या माळावर मटकन बसलो. आजूबाजूला माणूस नव्हतं. घोड्यांतलं कळतं म्हणून मिरवणारा मी, माझ्या शहाणपणानं तिला एवढ्या लांब आणलं होतं. आता पुढं नळदुर्ग दूर आणि मागं होटगी त्याहून दूर. मला रडू आलं. मी देवाला म्हटलं, माझं डोकं इथवरच होतं. आता तू बघ. हे मी हात जोडून म्हटलं नाही, वैतागून म्हटलं. पण खरं म्हटलं. त्याआधी मी जे जे देवाला सांगत होतो, त्यात सांगणं कमी आणि दाखवणं जास्त होतं.

थोड्या वेळानं धूर दिसला. डावीकडच्या वाटेला, माळ उतरला की लगेच, ज्वारीचं रान होतं आणि तिथं कोणीतरी हुरडा भाजत होतं. मी त्या बाजूला लगाम धरला आणि गौरा, जी इतका वेळ खांबासारखी उभी होती, ती एकेक पाऊल टाकत माझ्याबरोबर निघाली. आगटीपाशी एक बाई होती, वयानं माझ्या अव्वापेक्षा थोडी लहान, आणि तिचा नवरा. मी काही बोलायच्या आत ती उठली. "अगं बया, ह्या पायानं कुटनं आनली तिला?" म्हणाली आणि नवऱ्याला पाणी आणायला पिटाळलं. मी आगटीतली गरम राख फडक्यात बांधून गुडघा शेकायला बसलो. ती रुईची पानं तोडून आणून निखाऱ्यावर गरम करून देत होती. शेकताना गौरानं हळूच तो पाय माझ्या मांडीवर टेकवला.

मग त्या बाईनं हुरडा पुढ्यात ठेवला आणि विचारलं, "कुटं निगालासा?"

"नळदुर्गाला. खंडोबाच्या दर्शनाला."

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं तिच्याकडं पाहिलं. आणि दोघंही अशी हसायला लागली की तिच्या हातातलं कणीस खाली पडलं. "आवो पाव्हनं," ती म्हणाली, "देव तितं घरी न्हाय की! पौषातली जत्रा झाली की पालखीतनं हितं येतोय, अणदूरला. जत्रेपुरताच त्यो तिकडं असतोय. बाकी सालभर हितंच हाय. तुमी म्होरं गेला असता तर मोकळ्या देवळाच्या पाया पडून आला असता."

देव मुक्काम हलवतो, दोन गावांत आलटून पालटून राहतो, हे मला काय माहीत नव्हतं? लहानपणापासून माहीत होतं. गर्दी टाळायच्या नादात मी देवालाच टाळायला निघालो होतो. "अणदूर किती लांब?" मी विचारलं. तिच्या नवऱ्यानं हात वर केला. ज्या वाटेकडं गौरा मान करत होती, त्याच वाटेच्या टोकाला झाडांची रांग दिसत होती. "ती झाडं दिसत्यात का? त्येच," तो म्हणाला. मीही हसायला लागलो, आणि हसता हसता पुन्हा डोळे भरून आले. जनावराचा पाय दुखला म्हणून ते थांबलं, एवढंच घडलं, असं कोणी म्हणालं तर मी भांडणार नाही. पाय दुखत होताच. मी फक्त एवढं सांगतो, की ती त्या फाट्यावर थांबली आणि दुसऱ्या कुठं थांबली नाही.

त्या दोघांनी मला जाऊ दिलं नाही. रानातल्या खोपीत भाकरी, वांग्याचं भरीत आणि दुधाचा तांब्या, असा पाहुणचार झाला. गौराला मऊ मातीवर कडबा पसरून दिला. दुसरा दिवस रविवार होता, देवाचा वार. सकाळी सूज बरीच उतरली होती, गुडघा ऊन होता पण चटका देत नव्हता. मी खोगीर घातलं, पट्टा सैल ठेवला आणि तिच्या चालीनं अणदूरची शीव गाठली. वाटेच्या कडेला एक दगडी पार होता. बेताप्रमाणे मी इथं बसायचं होतं. मी पारावर चढलो, पट्टा आवळला, रिकिबीत पाय ठेवला आणि भार टाकला. गौरानं कान मागं घेतले आणि चारी पाय रोवून स्वतःला आवरून धरलं. ती हलली नाही. तिनं मला नेलं असतं. तो दुखरा पाय थरथरत होता आणि तरी तिनं मला नेलं असतं, हे मला माझ्या तळपायाला कळलं.

मी पाय काढून घेतला. पारावर उभा राहून, कोणी ऐकतंय की नाही हे न बघता, मोठ्यानं म्हणालो, "देवा, अव्वाचा शब्द मी मोडतोय. पाप लागायचं तर मला लागू दे. पण तू जिला उठवलीस, तिला तुझ्याच दारात मी दुखवणार नाही." हे बोलताना भीती वाटेल असं मला वाटलं होतं. ती वाटली नाही. छातीवरचा गठ्ठा उतरवून ठेवावा तसं मोकळं वाटलं. नवस मोडला होता, अव्वाला काय सांगायचं ते माहीत नव्हतं आणि तरी माझं पाऊल कधी नव्हे इतकं घट्ट पडत होतं. वहाणा पारापाशी काढून, लगाम हातात धरून मी गौराच्या पुढं चालू लागलो.

गावात शिरतो तोच समोरून देवदर्शन करून परतणारं एक कुटुंब आलं. पुढं गळ्यात कवड्यांची माळ घातलेला एक वाघ्या, मागं बायामाणसं, सगळ्यांची कपाळं भंडाऱ्यानं पिवळी. आमच्याकडं देवाला सोडलेल्या घोड्यावर माणूस बसत नाही. खोगीर घालून त्याला मोकळं चालवतात आणि वर देव बसला आहे असं धरून लोक पाया पडतात. त्या माणसांनी पांढुरकी घोडी पाहिली, खोगीर घातलेलं, वर कोणी नाही, पुढं एक माणूस लगाम धरून अनवाणी. वाघ्या जागीच थांबला, त्यानं भिक्षेच्या कोटम्यातला भंडारा मुठीनं उधळला आणि ओरडला, "यळकोट यळकोट जय मल्हार!" मागच्या सगळ्यांनी उधळला. गौराची पाठ, मान, खोगीर, सगळं पिवळं झालं. दुसरं कुठलंही घोडं बिथरलं असतं, पण ती त्या भंडाऱ्यात शांत उभी होती.

मी घाईघाईनं म्हणालो, "अहो, थांबा, ही माझी घोडी आहे. देवाची नाही." एक म्हातारी तांब्यातलं पाणी गौराच्या खुरांवर घालत होती. तिनं मान वर करून माझ्याकडं असं पाहिलं, जसं बाजारात मी भाव न कळणाऱ्या गिऱ्हाइकाकडं पाहतो. "खोगीर हाय, वर तू न्हाइस," ती म्हणाली. "मंग कोन हाय म्हनायचं? हो बाजूला." आणि तिनं मला हातानं सारून गौराच्या त्या सुजलेल्या गुडघ्यावर डोकं टेकवलं.

मी बाजूला झालो. त्या क्षणी माझ्या आत काय झालं ते मला नीट लिहिता येत नाही. अव्वाचे शब्द कानांत होते, हिच्या पाठीवर बसून तुझ्या दारात येईल. माणसं वाट देत होती, बाया मुलांना उचलून तिच्या खोगिराला हात लावायला लावत होत्या, आणि गौरा लंगडत, पण मान ताठ ठेवून देवळाच्या दाराकडं चालली होती. मला रिकामं खोगीर दिसत होतं आणि ते रिकामं वाटत नव्हतं. मी लगाम धरून चालणारा तिचा नोकर होतो, आणि आयुष्यात इतका मान मला कोणत्याच बाजारात मिळाला नव्हता. देवळात गेलो तेव्हा मागायला काही उरलंच नव्हतं. मूर्तीसमोर हात जोडून नुसता उभा राहिलो. गुरवानं थोडा भंडारा हातावर दिला आणि म्हणाला, "घोडीच्या गुडघ्याला लावा."

परतीला आम्ही दिवसांचा हिशेबच धरला नाही. ती थांबली की थांबायचो. घरी आलो तेव्हा अव्वा दारात होती. मला पायी आलेला बघून तिचा चेहरा उतरला. मी काही लपवलं नाही. वळणावर उतरलो इथपासून पारावर पाय काढून घेतला इथपर्यंत सगळं सांगितलं, आणि मग भंडाऱ्याचं आणि म्हातारीचंही सांगितलं. अव्वा ऐकत राहिली. मग उठून गोठ्यात गेली. खोगिराच्या शिवणींत अजून पिवळं अडकलेलं होतं. ते तिनं बोटानं टिपून कपाळाला लावलं आणि बराच वेळ गौराच्या मानेवर हात ठेवून उभी राहिली. बाहेर आली तेव्हा डोळे ओले होते, पण आवाज नेहमीचाच. "मी माझ्या लेकाला बसवलं हुतं," म्हणाली. "त्यो सवताच बसून आला. बा, ऊटा माडु." ये, जेव. त्या दिवशी महिन्यानंतर प्रथमच घरात मला पोटभर भाकरी मिळाली.

गौराचे सांधे बरे झाले नाहीत, हेही सांगायला हवं. थंडी पडली की दुखायचे, शेक लागायचा, डॉक्टर म्हणाले तसं रोजचं चालणंही सुटलं नाही. पण ती पुढं पुष्कळ वर्षं जगली आणि आपल्या पायांनी चालती राहिली. माझ्यात बदल झाला तो एवढाच, की प्रत्येक गोष्टीचा बेत आखून देवापुढं नाचवायची माझी खोड मोडली. आपण आपल्याकडून होईल ते सगळं करावं, आणि जिथं हात टेकतील तिथं मुकाट्यानं लगाम त्याच्या हाती द्यावा. तो कसा येईल, कोणाच्या रूपानं येईल, यावर आपली सक्ती नको. मी बसून जायचं ठरवलं होतं म्हणून तो आला नाही. मी उतरलो तेव्हा त्याला जागा झाली. हे समजायला मला एका मुक्या जनावराच्या दुखऱ्या गुडघ्याशी बसावं लागलं, आणि त्याबद्दल मी तिचा आणि त्याचा जन्मभराचा ऋणी आहे.

दर रविवारी मी तिला खोगीर घालून ओढ्यापर्यंत फिरवून आणायचो. वाटेत नवखा कोणी भेटला की हटकून विचारायचा, "मालक, खोगीर घातलेली घोडी हाय, आन तुमी पायी का वो?"

मी म्हणायचो, "बसायला जागा न्हाय."